चकलीची तीन कोटेशनं

विष्णुपंतांनी अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात, परचेस खात्यात, छत्तीस वर्षं काढली आणि त्या छत्तीस वर्षांत तीन कोटेशनं मागवल्याशिवाय साधी टाचणीसुद्धा घेतली नाही. हे ते स्वतःच सांगत. लग्नसुद्धा तीन मुली बघून तिसरीशी केलं, हेही सांगत, आणि पद्मजाबाई समोर बसलेल्या असताना सांगत. "टेक्निकली तिघी सारख्याच होत्या," ते म्हणत, "पण हिच्या वडलांनी तारीख लवकरची दिली."

रिटायर झाल्यावर मात्र माणसाचे हाल झाले. घरात कोटेशन मागवण्यासारखं काही उरलंच नाही. भाजीवाल्याकडे एकदा मागून बघितलं. भाजीवाल्यानं जे दिलं ते फायलीला लावण्यासारखं नव्हतं.

पद्मजाबाईंचं एकच होतं, चकली. लग्न झाल्यापासून दर दिवाळीला त्या डबेच्या डबे भरून चकल्या करत आणि ते डबे कारखान्यातल्या साहेब लोकांकडे जात. साहेब बोटं चाटून म्हणत, "विष्णुपंत, वहिनींच्या चकलीला तोड नाही." वहिनींना नाव असतं हे एकाही साहेबाला माहीत नव्हतं. यंदा पहिल्यांदाच ते नाव लागणार होतं. अंबरनाथ पश्चिमेला महिला मंडळाचं दिवाळी प्रदर्शन भरणार होतं आणि त्यात सतरा नंबरचं टेबल पद्मजाबाईंना मिळालं होतं.

प्रदर्शन चार दिवसांचं. मंडळाच्या अध्यक्ष इंदुताई. त्यांचा नियम एकच, पण कडक: पहिल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत जिचा माल संपणार नाही, तिनं टेबल सोडायचं. उरलेले तीन दिवस ते टेबल वेटिंग लिस्टमधल्या पुढच्या बाईचं. त्या लिस्टमध्ये अकरा जणी होत्या आणि अकराही जणी पद्मजाबाईंना रस्त्यात भेटल्या की फार गोड हसत.

टेबलामागे सहा बाय तीनचा बॅनर लावायचा होता. पद्मजाबाईंनी बदलापूरला मुलीला, श्रद्धाला, फोन लावला.

"आई, आता एआयवर चित्र करून मिळतं. दोन मिनिटांत," श्रद्धा म्हणाली. "नाहीतर सरळ चकलीचा फोटो काढ की मोबाईलवर. बेस्ट."

फोन स्पीकरवर होता हीच चूक झाली. विष्णुपंतांनी पहिलं वाक्य ऐकलं आणि दुसरं ऐकायला ते थांबलेच नाहीत.

"कुठल्या एआयवर?"

"कुठल्याही, बाबा. खूप आहेत."

खूप आहेत! विष्णुपंतांच्या चेहऱ्यावर रिटायरमेंटनंतर चार वर्षांनी रक्त आलं. ते उठले, माळ्यावरून हिरवी फाईल काढली, फुंकर मारून धूळ पद्मजाबाईंच्या भाजणीवर उडवली आणि फायलीवर लिहिलं: 'विषय: चकलीचे चित्र. नग: एक.'

"अहो, दोन मिनिटांचं काम आहे म्हणाली ती."

"म्हणूनच लोक फसतात," विष्णुपंत म्हणाले.

लगेच कमिटी बसली. कमिटी म्हणजे समोरच्या फ्लॅटमधले जयदेवराव. ते त्याच कारखान्यात क्वालिटीला होते. विष्णुपंतांनी आणलेला माल रिजेक्ट करणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम आणि तीच दोघांची मैत्री. जयदेवराव व्हर्नियर कॅलिपर घेऊनच आले. रिटायरमेंटला लोकांना घड्याळ मिळतं, यांनी कॅलिपर मागून घेतला होता. तो घेऊन ते बाजारात टोमॅटोसुद्धा मोजत.

"वहिनी, रेफरन्स सॅम्पल लागेल," ते म्हणाले.

पद्मजाबाईंनी भाजणी कशी जमलीय ते बघायला नुकताच एक घाणा काढला होता. डबाभर चकल्या होत्या. त्यातल्या दोन ताटलीत आल्या. जयदेवरावांनी एक मोजली आणि एक चहात बुडवून खाल्ली.

"ही काय पद्धत?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"डिस्ट्रक्टिव्ह टेस्ट," जयदेवराव म्हणाले. चहात बुडवणं कवळीमुळे होतं, पण तेही त्यांनी रिपोर्टात 'आर्द्रता चाचणी' म्हणून लिहिलं.

विष्णुपंतांनी फोनवर चित्रं काढणारी तीन ॲप्स घेतली. नावं लिहायची नाहीत, म्हणजे पक्षपात होत नाही. म्हणून पार्टी नंबर एक, दोन आणि तीन. एका बोटानं टाइप करत त्यांनी पार्टी नंबर एकला एन्क्वायरी पाठवली: 'महोदय, आम्हांस उत्तम प्रतीच्या चकलीचे चित्र एक नग हवे आहे. माल आमच्या गेटपर्यंत पोच द्यावा. पॅकिंग लाकडी खोक्यात. गंजलेला माल परत केला जाईल. आपला विश्वासू.'

अर्ध्या मिनिटात चित्र आलं. कारखान्याचं भलंमोठं गेट. गेटसमोर ट्रक. ट्रकपाशी टाय लावलेला एक गृहस्थ हात जोडून उभा, फार विश्वासू दिसत होता. त्याच्या पायाशी लाकडी खोकं. खोक्यात गंजलेली स्प्रिंग.

विष्णुपंत हरखले. "गेट बघ! हुबेहूब आपलं."

"चकली कुठाय?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"अटी सगळ्या पाळल्यात त्यांनी. फक्त माल चुकलाय."

पार्टी नंबर दोनची एन्क्वायरी जयदेवरावांनी घातली. बाहेरचा व्यास पासष्ट मिलिमीटर, वेढे साडेतीन, वेढ्यांत फट नको, पृष्ठभागावर सगळीकडे एकसारखे टोकदार काटे. यात चकली हा शब्द त्यांनी मुद्दाम घातला नाही. म्हणाले, "स्पेसिफिकेशन बरोबर असलं की नाव लागत नाही." आलं काटेरी तारेचं भेंडोळं. कुंपणाचं, नवं कोरं, चकचकीत.

पार्टी नंबर तीनला मराठी चांगलं कळतं असं कोणीतरी ग्रुपवर टाकलं होतं. तिला पद्मजाबाईंचेच शब्द पाठवले: खमंग, काटेरी, खुसखुशीत, तळलेली. एका ताटलीत गोल वेटोळं करून, डोळे मिटून पडलेलं साळिंदर आलं. बाजूला कोथिंबीर.

"अगंबाई," पद्मजाबाई म्हणाल्या. "कुणाचं लेकरू तळलं हो हे?"

इथे कुठलाही शहाणा माणूस थांबला असता. पण परचेसवाल्यांत याला सुरुवात म्हणतात. आता निगोशिएशन. प्रत्येक पार्टीला तीन संधी. विष्णुपंतांनी पार्टी नंबर एकला कळवलं, 'आपल्या मालाचा दर्जा समाधानकारक नाही, सुधारणा न झाल्यास नाव कमी करण्यात येईल.' त्यावर प्रगतिपुस्तक हातात घेऊन रडणारा एक शाळकरी मुलगा आला. जयदेवरावांनी त्यालाही कॅलिपर लावला.

आणि दर फेरीला रेफरन्स सॅम्पल. प्रत्येक चित्र चकलीशी ताडून बघायचं, आणि ताडून झालेली चकली परत डब्यात ठेवायची नाही, असं क्वालिटीचं शास्त्र. कमिटी सकाळी बसे, जेवायला उठे, चारला पुन्हा बसे. सहा दिवस हे चाललं. तिन्ही पार्ट्यांचा दर फुकट, त्यामुळे स्वस्त कोण ते ठरेना. मग मार्कांचा तक्ता झाला. गोलाई, रंग, काटे, वर्तणूक.

"वर्तणूक कशाची?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"पार्टीची. नंबर तीन फार आर्जवी आहे. दर वेळी सॉरी म्हणते."

बुधवारी पद्मजाबाईंनी शेवटचं सांगून बघितलं. "अहो, ही चकली. हा मोबाईल. काढा फोटो आणि संपवा."

"फोटो म्हणजे सिंगल सोर्स झालं, एकच कोटेशन. ऑडिटला काय सांगू?"

"कोण करणारे ऑडिट?"

"ते ऑडिट येईपर्यंत कधीच कळत नाही, वहिनी," जयदेवराव गंभीरपणे म्हणाले, आणि त्यांनी हात घातला डब्यात.

गुरुवारी दुपारी बारापर्यंत बॅनरचं चित्र छापायला जायला हवं होतं. सकाळी पद्मजाबाईंनी ठरवलं, आता आपणच फोटो काढायचा. त्यांनी डबा उघडला. तळाशी चुरा होता आणि थोडे तीळ.

दोघे पंख्याकडे बघत होते.

"सॅम्पल कन्झ्यूम झालं," विष्णुपंत म्हणाले.

पद्मजाबाईंनी कढई चढवली, सोऱ्यात पीठ भरलं. शनिवारसाठी सगळा माल आज आणि उद्याच काढायचा होता. त्यातली पहिली चकली तळली की तिचाच फोटो काढू, असा त्यांचा हिशेब. हात कोपरापर्यंत पिठाचे, चष्म्यावर वाफेचा थर. तेवढ्यात विष्णुपंत फोन नाचवत स्वयंपाकघरात आले.

"फायनल! नंबर तीन! शंभरापैकी ब्याण्णव!"

पद्मजाबाईंनी वाफेतून बघितलं. गोल. तपकिरी. वेढे एकसारखे. वर जरा धूर, म्हणजे गरमागरम. साळिंदरानंतर माणसाला काहीही बरं दिसतं.

"हं," त्या म्हणाल्या आणि तेलाकडे वळल्या.

विष्णुपंतांनी बाहेर जाऊन फायलीत लिहिलं: 'वापरकर्त्याची मंजुरी: हं.'

मग दोघे रिक्षा करून उल्हासनगरला, कॅम्प तीन नंबरला, गोपीचंद शेठच्या फ्लेक्सच्या दुकानात गेले. तिथे काय झालं ते नंतर जयदेवरावांकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. शेठनं चित्र बघितलं आणि खूश होऊन म्हणाला, "साईं, चलेगा ये धंधा. अंबरनाथ-बदलापूर में इसकी बहुत जरूरत है. लेकिन बॅनर खाली खाली लगता है. मैं अपनी तरफ से थोडा डिझाईन डाल दूँ? फ्री."

फ्री हा शब्द परचेसच्या माणसाला छत्तीस वर्षांत फार वेळा ऐकायला मिळत नाही. विष्णुपंतांनी काय ते न विचारताच सही केली.

शनिवारी सकाळी दहाला हॉलमध्ये मंडळाच्या माणसांनी शिडी लावून, तारेनं घट्ट आवळून, सतरा नंबरच्या मागे बॅनर टांगला. पद्मजाबाईंनी चष्मा पुसून घातला.

वर मोठ्या अक्षरात 'पद्मजाची खमंग चकली'. खाली मधोमध डासांची कॉईल. साधीसुधी नाही, मोठी, सुबक, टोकाला लाल निखारा आणि वर धुराची वळणदार रेघ. डावीकडे पाळण्यात गाढ झोपलेलं गुटगुटीत बाळ. आणि चारी बाजूंना, पाय वर करून, मेलेले डास.

"हे काय आहे?" पद्मजाबाईंचा आवाज इतका शांत होता की शेजारची लोणचीवाली दोन पावलं मागे सरकली.

"नंबर तीन," विष्णुपंत म्हणाले. "तू हं म्हणालीस."

"बाळ कशाला?"

"ते शेठनं फ्री दिलं."

"आणि हे मेलेले?"

"मला तीळ वाटले, वहिनी," जयदेवराव म्हणाले. "जरा मोठे वाटले. म्हटलं झूममुळे असेल."

"काढा तो बॅनर."

पण बॅनर काढता येईना. शिडी घेऊन माणसं निघून गेली होती आणि बॅनरची कड उचलून बघितली तर मागे हॉलच्या संडासाचं दार. बॅनर काढला तर संडासाच्या दारात चकली, ठेवला तर मच्छरांत. पद्मजाबाईंनी मच्छर ठेवले.

अकराला गिऱ्हाईक सुरू झालं.

"काकू, धूर फार होतो का? घरात लहान बाळ आहे."

"चंदनवाली आहे का?"

"पंख्याखाली टिकते ना?"

पद्मजाबाई प्रत्येकीला सांगत होत्या, अहो चकली आहे, खायची आहे. बाया बॅनरकडे बघत, बाळाकडे बघत, आणि हसून पुढे जात. एक जण तर जाता जाता नवऱ्याला म्हणाली, "खायचीपण आहे म्हणे. आजकाल काय काय काढतात!" बारा वाजले, एक वाजला. डबे भरलेले. वेटिंग लिस्टमधल्या अकरातल्या चार जणी हॉलमध्ये येऊन टेबलाची लांबी-रुंदी बघून गेल्या.

दीडला सोनिवलीचे धर्मराज आणि बनूबाई आले. म्हातारा-म्हातारी दिवाळीचे कपडे घ्यायला आली होती, बॅनर बघून थांबली.

"आमचे गोठ्यान लय मच्छर हायेत," बनूबाई म्हणाली. "म्हशींना चालंल का गो बाय?"

पद्मजाबाई तोंड उघडणार तेवढ्यात धर्मराजनं एक चकली उचलली, उलटीपालटी करून बघितली. "लय जाड हाय. आधी जलतंय का ते बघू." आणि खिशातून काडेपेटी काढून त्यानं ती पेटवली.

तेलात तळलेली चकली ती. भपकन पेटली. धर्मराजनं चटका बसून ती टाकली, ती पडली विष्णुपंतांच्या हिरव्या फायलीवर. बायकांनी आरडाओरडा केला, लोणचीवालीनं पाण्याची बाटली ओतली आणि धुराचा लोट वर बाळापर्यंत गेला. बॅनर पहिल्यांदाच खरा वाटला.

इंदुताई धावत आल्या. त्यांनी धूर बघितला, बॅनर बघितला, भरलेले डबे बघितले.

"पद्मजाताई, हॉलमध्ये आग? सहापर्यंत कशाला थांबायचं? आत्ताच टेबल सोडा."

छत्तीस वर्षांचे डबे पद्मजाबाईंच्या डोळ्यांसमोरून गेले. साहेबांकडे गेलेले, रिकामे होऊन परत आलेले, आणि कधी कधी न आलेले. त्यांनी एक चकली उचलली, कट्कन मोडली आणि अर्धी इंदुताईंच्या उघड्या तोंडात घातली.

इंदुताईंचं तोंड मिटलं. मग हललं. बराच वेळ हललं. "सहापर्यंत थांबते," त्या म्हणाल्या आणि उरलेली अर्धी घेऊन गेल्या.

पद्मजाबाई वळल्या. "तुम्ही दोघं. इकडे या."

"अगं, फाईल भिजली..."

"दोन खुर्च्या घ्या. टेबलापुढे ठेवा. बसा आणि खा."

"काय?"

"चकल्या. सहा दिवस एवढी कमिटी बसली, आता सगळ्या गावासमोर बसू दे. लोकांना दिसायला हवं की ही खायची वस्तू आहे. आवाज आला पाहिजे."

"वहिनी, जरा चहा..." जयदेवराव कवळी चाचपत म्हणाले.

"चहा नाही. कोरडी. डिस्ट्रक्टिव्ह."

दोघे बसले. डोक्यावर निखारा, बाजूला झोपलेलं बाळ, सभोवती मेलेले डास, आणि मधे दोन रिटायर्ड ऑफिसर कुरुम कुरुम करत मच्छरांची कॉईल खातायत. पाच मिनिटांत गर्दी झाली. पोरांनी मोबाईल काढले. कोणी तरी ओरडलं, "अरे, आजोबा कॉईल खा रहे हैं, जल्दी आ!" कोणी म्हणालं डॉक्टरला बोलवा. बनूबाई कंबरेवर हात ठेवून बघत होती, तिनं पुढे होऊन एक उचलली, दाढेखाली धरली आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाली, "अगो, ही तं चकली हाय! झ्याक हाय! म्हशींना कोन देतंय!"

मग मात्र टेबल दिसेनासं झालं. हात पुढे, पिशव्या पुढे. जो आधी हसायला यायचा, तो एक खायचा आणि डबा मागायचा. विष्णुपंत मधेच उठू बघत तर पद्मजाबाई नुसत्या त्यांच्याकडे बघत, आणि ते परत बसत. जयदेवरावांची कवळी तीनला निसटली; ती गर्दीला इतकी आवडली की सव्वातीनला पुन्हा निसटवायला सांगितली. साडेचारला दोघांचेही चेहरे भाजणीच्या रंगाचे झाले होते. पार्टी नंबर तीनच्या चित्राला गोलाईचे पैकीच्या पैकी मार्क देणारे जयदेवराव आता गोल वस्तूकडे बघायलाही तयार नव्हते.

पाचला डबे रिकामे झाले. इंदुताई आल्या, त्यांनी डब्यात वाकून बघितलं, खात्री करायला बोटानं चुरा चाखला आणि वहीत सतरा नंबरपुढे पद्मजाबाईंचं नाव चारही दिवसांसाठी लिहिलं. आडनावासकट. वेटिंग लिस्टमधल्या बाया गोड हसायच्या बंद झाल्या.

बनूबाई जाता जाता म्हणाली, "बाय, उद्याला दुसरा बॅनर लावशील ना? मंग ह्यो मला दे. गोठ्यावर टाकीन. ताडपत्रीपरीस जाड हाय."

"आत्ताच ने, आजी. शिडीवाले आलेत," पद्मजाबाई म्हणाल्या. "उद्या नवा बॅनर येईपर्यंत मी पडदा लावीन मागे."

"अगं, पण रेकॉर्डला ठेवायला..." विष्णुपंत कळ दाबत म्हणाले. "शिवाय हे सगळं कशामुळे विकलं गेलं, ते बघ ना. ॲडव्हर्टाइजमेंट! नंबर तीनला रिपीट ऑर्डर द्यायला हरकत नाही. फक्त या वेळी करंजीचं..."

जयदेवराव करंजी हा शब्द ऐकून उठले आणि बॅनर काढल्यावर समोर आलेल्या दारातून आत गेले.

पद्मजाबाईंनी पदराखालून कागदाची पुडी काढली. सकाळी सगळ्यांत पहिल्यांदा बाजूला ठेवलेली एक चकली तिच्यात होती. त्यांनी ती स्वच्छ स्टीलच्या ताटलीत ठेवली, ताटली खिडकीच्या उजेडात धरली आणि मोबाईलवर फोटो काढला. एकच. श्रद्धाला पाठवून दिला, खाली लिहिलं, 'बॅनरसाठी.'

विष्णुपंत मान लांब करून बघत होते. "चांगला आलाय. पण अजून दोन काढ. तुलनेला बरे."

"आता कशाचे काढू?" पद्मजाबाई म्हणाल्या. त्यांनी ती चकली मोडली आणि या वर्षात पहिल्यांदाच, खुर्चीवर नीट बसून, स्वतः खाल्ली.